टर्बो बसवल्यापासून ऑईल गळतंय? चौथा टर्बो आणण्याआधी हे बघा

दाजींची कमांडर जीप माझ्या दारात लागली तेव्हा तिच्यावर तिसरा टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) होता. पहिला दोन महिने टिकला, दुसरा चार दिवस, तिसऱ्याला जेमतेम आठवडा झाला होता. तक्रार तिन्ही वेळा तीच. टर्बोच्या खाली सगळं ओलं, गरम पाईपावर थेंब पडून बॉनेटमधून जळक्या ऑईलचा वास, सकाळी स्टार्ट केली की निळा धूर. हजार किलोमीटरला दोन-अडीच लिटर ऑईल वरून घालत होते. मिस्त्रींचं उत्तरही तिन्ही वेळा एकच, "टर्बोचं सील गेलंय, दुसरा टाकूया."

गाडी महिंद्राची, २५२३ सीसीचं डीआय (डिझेल थेट सिलिंडरात फवारणारं) इंजिन, मूळची बिनटर्बोची. सावंतवाडीहून नारळ भरून आंबोली चढताना दम लागतो म्हणून दाजींनी एका गॅरेजातून जुना टर्बो बसवून घेतला. (असले फेरबदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये येतात, तेव्हा आधी आरटीओत विचारा. दाजींनी विचारलं नव्हतं, तो वाद आमच्या घरात झालेला आहे.) माझं काम लेथवरचं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात. इंजिनाचा मिस्त्री मी नाही. पण एकाच जागी तीन टर्बो जातात म्हणजे दोष टर्बोत नसून आजूबाजूच्या जोडकामात आहे, एवढं कळायला मिस्त्री असावं लागत नाही.

गळती मला एका फटक्यात सापडली नाही. तीन वेळा "झालं" म्हणून गाडी दिली, त्यातल्या दोन वेळा ती परत आली. कारणंच तीन होती आणि एक झाकलं की दुसरं दिसायचं. ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने सांगतो.

आधी टर्बोतलं ऑईल जातं कुठे ते

"टर्बोचं सील" हा शब्दच घोटाळा करतो. गिअरबॉक्सला असतं तसलं रबरी ऑईल सील टर्बोच्या शाफ्टला नसतं. त्या उष्णतेत आणि मिनिटाला लाखभर फेऱ्यांत रबर टिकणार नाही. बहुतेक टर्बोंत दोन्ही टोकांना पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक लोखंडी रिंग असते. तिचं मुख्य काम गॅस आत येऊ न देणं. ऑईल ती पूर्ण अडवत नाही, ऑईल साचलंच नाही तरच ती पुरते.

ऑईल वरून पंपाच्या प्रेशरने येतं, बेअरिंगमधून जातं, शाफ्टने घुसळून ताकासारखं फेसाळ होतं आणि खालच्या भोकातून फक्त स्वतःच्या वजनाने चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या टाकीत, उतरतं. परतीच्या वाटेवर त्याला ढकलणारं कोणी नाही. घरची मोरी आठवा. नळाला प्रेशर आहे, मोरीच्या पाईपाला नाही. मोरी तुंबली आणि पाणी उंबरा ओलांडून आत आलं तर आपण नळ बदलत नाही. टर्बोच्या बाबतीत मात्र नेमकं तेच करतात. परतीचा पाईप तुंबला की ऑईल रिंगेवर चढतं आणि वाट मिळेल तिकडे जातं: एका बाजूने सायलेन्सरमध्ये, दुसऱ्या बाजूने हवेच्या पाईपात.

धुवून काढल्याशिवाय काहीही खोलू नका

ओल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे पावसात छताचं भोक शोधणं. डिझेल आणि ब्रशने सगळं धुतलं, साबणाच्या पाण्याने परत धुतलं, हवा मारून वाळवलं. मग टर्बोभोवती, पाईपांवर, ब्लॉकच्या बाजूला टाल्कम पावडर फुंकली. बायकोचा डबा अर्धा संपला, पण पांढऱ्यावर ऑईलची रेघ जशी उठून दिसते तशी बॅटरीच्या उजेडात कधी दिसत नाही. स्टार्ट करून दहा मिनिटं स्लोवर ठेवली.

एक लक्षात असू द्या. ऑईल खाली उतरतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे जातं. म्हणून जिथे थेंब लटकतो तिथे दोष नसतो. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा.

तो निघाला ऑईल प्रेशरच्या स्विचपाशी, टर्बोपासून वीतभर लांब.

पहिलं कारण: न जुळणारे आटे

टर्बोला ऑईल द्यायला स्विच काढून तिथे पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवला होता. एका तोंडाला स्विच, दुसऱ्याला टर्बोची नळी. टी काढला तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पंधरा-वीस वेढे. एवढी टेप दिसली की मी लगेच आट्याचं गेज काढतो. मूळ स्विचवर गेज लावलं तर इंचाला २८ आटे, म्हणजे १/८ बीएसपी (पाईपाचे ब्रिटिश आटे). टीवर लावलं तर २७, म्हणजे १/८ एनपीटी (पाईपाचे अमेरिकन आटे). इंचामागे एका आट्याचा फरक, शिवाय आट्याचा कोनही वेगळा, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. त्यात एनपीटीचा नर अर्ध्या मिलिमीटरने जाड. तो दोन-अडीच आटे आत जातो आणि घट्ट होतो, पान्याला हात लावणाऱ्याला वाटतं मस्त कसला. प्रत्यक्षात तो दोन आट्यांच्या टोकांवर अडकलेला असतो. थंड असताना टेप अडवते. इंजिन गरम झालं, हादरे बसले की पाझर सुरू.

टेपचा दुसरा धोका गळतीपेक्षा वाईट आहे. तिचे तुकडे नळीतून थेट टर्बोच्या बेअरिंगला जातात. पहिल्या टर्बोच्या फीडच्या, म्हणजे ऑईल आत येण्याच्या, भोकात पांढरा धागा सापडला होता असं दाजी म्हणाले, तेव्हा कोणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

मी एमएसच्या (साध्या पोलादाच्या) सहाकोनी गजातून योग्य आट्यांचा नवा टी करून दिला. पितळेचा लांब टी आणि त्याच्या टोकाला जड स्विच असा प्रकार एवढ्याशा आट्यावर लटकवू नका, हादऱ्याने मान तुटते. स्विच छोट्या लवचिक होजने लांब नेऊन पट्टीवर बसवला. टर्बोकडच्या बॅन्जो बोल्टला (आतून पोकळ, ऑईल त्यातूनच जातं) दोन्ही बाजूंना नवे कॉपर वायसर. जुनेच वापरायचे असतील तर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं. तुमच्या गाडीत मेट्रिक आटेही निघू शकतात, तेव्हा "१/८ द्या" म्हणून दुकानातून उचलू नका, स्विच हातात घेऊन जा.

पावडर परत मारली, कोरडी राहिली. गाडी दिली. आठव्या दिवशी दाजींचा फोन, "अरे, परत ओली झाली की."

दुसरं कारण, आणि बहुतेकांचं हेच असतं: परतीचा पाईप

या वेळी ओलावा टर्बोच्याच खाली होता आणि निळा धूर तसाच. हवेचा पाईप काढून बोट फिरवलं तर आत ऑईलचा थर. मग गाडी रॅम्पवर चढवून खालून वर बघत बसलो. जे दिसलं ते एकेक करून सांगण्यासारखं आहे.

टर्बोच्या खालच्या तोंडाचं भोक आतून १६ मिलिमीटर. त्याला लावलेली नळी १० मिलिमीटरची. नळी कसली तर ऊसाला औषध मारायच्या पंपाची. सायलेन्सरच्या पाईपापासून तीन बोटांवर. उष्णतेने आणि ऑईलने ती फुगून मऊ झाली होती, चिमटीत दाबली की मिटायची. वाटेत तिला झोळ पडलेला, म्हणजे खाली जाऊन परत चार बोटं वर चढून मग चेंबरात शिरायची. टर्बोच्या तोंडाशी पॅकिंगऐवजी सिलिकॉन भरपूर लावलेलं. बोल्ट आवळल्यावर ते आत दबून बाहेर आलं आणि वाळून भोकाचा तिसरा हिस्सा खाऊन बसलं. आणि शेवटी, चेंबरला पाडलेलं भोक ड्रेन प्लगच्या वर दोनच बोटं. म्हणजे ऑईलच्या पातळीच्या खाली! पाईपाचं तोंडच ऑईलमध्ये बुडालेलं. वरून येणाऱ्या फेसाने उतरायचं कुठे?

काही जण म्हणतात, इंजिन चालू असताना ऑईल वर फिरत असतं, चेंबरातली पातळी उतरते, म्हणून चालतं. सपाट रस्त्यावर कदाचित चालेल. घाटात नाक वर करून गाडी चढते तेव्हा ते ऑईल मागे धावतं, आणि भोक त्याच बाजूला असेल तर संपलंच.

खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे. परतीची नळी चेंबरकडून सोडून तिचं तोंड सरळ खाली डब्यात धरायचं, चेंबरच्या भोकाला बूच मारायचं आणि गरम इंजिन फक्त अर्धा मिनिट स्लोवर चालवायचं. धूर आणि पाझर कमी झाला तर टर्बो निर्दोष, वाट दोषी. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, ऑईल डब्यात जातंय हे विसरू नका, आणि नंतर तेवढं परत भरा. आमच्याकडे फरक डोळ्यांना दिसला.

आता नवीन भोक किती उंचावर पाडायचं? इथे चुकीचं भोकच कामाला आलं. गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी त्या खालच्या निपलला लावली आणि वर धरली. आतलं ऑईल जेवढं, तेवढंच नळीत चढलं. गाडी सपाट, डिपस्टिकवर ऑईल फुल. त्या उंचीवर चेंबरला खडूने रेघ मारली आणि नवीन भोकाचा मध्य रेघेच्या सव्वा इंच वर धरला.

चेंबर खाली उतरवूनच भोक पाडा. जागेवर ड्रिल मारून "मॅग्नेटने काढतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या. आधीच्यांनी तेच केलं होतं. चेंबर उतरवला तर तळात गाळात रुतलेला लोखंडाचा किस, आणि पंपाच्या जाळीवर स्प्रिंगसारखा वळलेला एक लांब तुकडा. जाळीने तो अडवला म्हणून बेअरिंगा वाचल्या. आत बघून आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: क्रँक ज्या बाजूने ऑईल भिरकावते तिच्या माऱ्यात नवीन तोंड येऊ देऊ नका.

जुनं भोक वेल्डिंगने बुजवलं, नवीन जागी १९ मिलिमीटरचा बुश वेल्ड केला. सुईएवढं भोक राहिलं का ते बघायला चेंबर उताणा ठेवून त्यात डिझेल भरलं, रात्रभर खाली कागद. सकाळी एक डाग दिसला, तो परत भरला. वरून स्टीलचा पाईप वाकवून आणला, खाली फक्त वीतभर ऑईल आणि उष्णता सोसणारा होज. पाईपाचा उतार सगळीकडे खालीच, कुठेही आडवा नाही. टर्बो बनवणाऱ्या कंपन्या ही वाट उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका असं सांगतात. आमच्याकडे टर्बोच थोडा कलता बसवला होता, तो मधले बोल्ट ढिले करून सरळ केला. तोंडाशी कापलेलं पॅकिंग, सिलिकॉन अजिबात नाही. सायलेन्सर आणि होजच्या मध्ये पत्र्याची आड.

पहिला स्टार्ट देताना फीडच्या भोकातून टर्बोत चमचाभर ऑईल घाला, मग इंजिन बंद करायची केबल ओढून धरूनच सेल्फ मारा. फीडची नळी ढिली ठेवली तर ऑईल आलेलं डोळ्यांनी दिसतं. मग आवळा. कोरडा टर्बो पहिल्या काही सेकंदांतही खराब होऊ शकतो, आणि मग चांगल्या दुरुस्तीवर खापर फुटतं.

फीड बारीक करायचा उपाय

मधल्या काळात एका मिस्त्रींनी "ऑईल जास्त येतंय" म्हणून फीडच्या नळीत कार्बोरेटरचा बारीक भोकाचा जेट बसवला होता. गळती खरंच कमी झाली होती, कारण टर्बोला ऑईलच मिळत नव्हतं. दुसरा टर्बो चार दिवसांत का गेला याचा माझा अंदाज हाच. बॉल बेअरिंगच्या टर्बोला बारीक भोकाचा अडसर लागतो. आपल्याकडच्या जुन्या डिझेल गाड्यांवरचे टर्बो साध्या बुश बेअरिंगचे असतात, त्यांना सहसा लागत नाही. मोरी तुंबली म्हणून नळ बारीक करू नका.

तिसरं कारण: गॅरेजात कोरडी, घाटात ओली

पंधरा दिवस काही नाही. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. मग दाजी नारळ भरून आंबोली चढले आणि वर पोचेपर्यंत टॅपेट कव्हर, टायमिंगकडची बाजू, गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ, सगळीकडून ऑईल. आणि डिपस्टिक दोन बोटं वर आलेली.

डिपस्टिक आपोआप वर येते म्हणजे इंजिनाच्या पोटात हवा कोंडतेय. स्लोवर फिलरचं टोपण काढून बघितलं, फार काही नाही. झिजलेल्या रिंगांचं बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा गॅस) असतं तर स्लोवरही फकफक दिसली असती. इथे फक्त लोडवर.

मग देशी प्रेशर गेज केलं. दहा फूट पारदर्शक नळी, फळीवर इंग्रजी यू सारखी बांधलेली, आत कुंकू कालवलेलं पाणी, एक टोक डिपस्टिकच्या पाईपावर घट्ट. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे पोटातलं प्रेशर. स्लोवर पाऊण इंच. शेजारच्या पोराला फळी धरून बाजूला बसवलं आणि कागलच्या बाजूला चढावर पूर्ण रेस दिली. त्याने आकडा सांगायच्या आधीच पाणी उडालं आणि त्याचा शर्ट लाल झाला. त्याच्या आईला काय सांगायचं हा प्रश्न वेगळा.

कारण नळीएवढंच सरळ निघालं. टर्बो नसताना ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारा) पाईप कुणीतरी हवेच्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपाच्या, निपलला जोडला होता. तेव्हा मॅनिफोल्ड ओढायचा, त्यामुळे ब्रीदर बरा चालायचा. टर्बो बसल्यावर तोच मॅनिफोल्ड लोडवर ढकलायला लागला. म्हणजे टर्बोची दाबलेली हवा त्याच पाईपातून उलटी इंजिनाच्या पोटात! पोट फुगलं की टर्बोचं ऑईलही खाली उतरत नाही, कितीही सुंदर पाईप करा. स्लोवर टर्बो दाब देत नाही, म्हणून गॅरेजात सगळं कोरडं. तीन टर्बो बदलणाऱ्या कोणीच या पाईपाला हात लावला नव्हता, आणि पहिल्या दोन वेळा मीही लावला नाही.

मॅनिफोल्डचं निपल काढून आटे पाडून प्लग मारला. ब्रीदरला १९ मिलिमीटरचा होज, मध्ये दीड लिटरचा स्टीलचा डबा, आणि डब्यातून पाईप एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या भागात, म्हणजे जिथे कायम ओढच असते तिथे. डब्यात तारेची घासणी कोंबायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी आडवे पत्रे लावले. घासणीचा तुटलेला तुकडा पुढे थेट टर्बोच्या पात्यांवर जातो. परत तोच चढ, नवीन कुंकवाचं पाणी: दीड इंच.

मागचं क्रँक सील तोवर उलटलं होतं, ते गिअरबॉक्स उतरवून बदलावं लागलं. प्रेशर काढायच्या आधी बदललं असतं तर तेही गेलं असतं.

मग टर्बो खरंच गेलेला कधी समजायचा

हवेचा पाईप काढून शाफ्टचं टोक चिमटीत धरा. आडवं किंचित हलणं बुश बेअरिंगमध्ये चालतं, ऑईल नसताना ते जाणवतंच. पण पातं घराला घासत असेल, पात्याच्या कडा चमकत असतील, किंवा शाफ्ट मागेपुढे ढकलल्यावर टक्‌ असं जाणवत असेल तर तो टर्बो संपला. तुंबलेला एअर फिल्टरही तपासा, जास्त ओढीने ऑईल हवेच्या बाजूला खेचलं जातं, आणि हा दोष फिल्टर बदलला की सुटतो.

आणि एक धोक्याची गोष्ट. हवेच्या पाईपात ऑईल साचलेलं असेल तर गाडी चालवू नका. डिझेल इंजिन ते ऑईल ओढून त्याच्यावरच पळायला लागतं, मग चावी काढली तरी थांबत नाही, रेस वाढतच जाते. तसं झालंच तर टॉपचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडा, किंवा हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबा. हात लावू नका, चिंधी लावू नका, आत ओढली जाते. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) असेल तर तोही खोलून धुवा, त्यात लिटरभर ऑईल लपून बसतं.

दाजींची गाडी त्यानंतर चार हजार किलोमीटर चालली आहे. तिसराच टर्बो आहे, बदलला नाही. १५डब्ल्यू-४० ऑईल, वरून एकदाच पाव लिटर घातलं. घाट चढून थांबले की दाजी मिनिटभर स्लोवर ठेवून मगच बंद करतात, नाहीतर बेअरिंगमधलं ऑईल तापून जागेवरच कोळसा होतं. डबा महिन्याला रिकामा करायला येतात, पावसाळ्यात त्यात ऑईलपेक्षा पांढरट पाणीच जास्त निघतं. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा अजून जरा घामेजतो. पॅकिंग आणून ठेवलंय, दाजींना वेळ मिळाला की टाकायचं.